उलट्या राहिल्यात

टिकली हे काही तिचं खरं नाव नाही बरं का. दिवसभर दारोदार फिरून फॉर्मवर टिक मारायची, म्हणून ऑफिसात सगळे तिला टिकली म्हणायला लागले. आणि तिचा साहेब म्हणजे टक्केसाहेब. "आज सत्तर टक्के डोकं दुखतंय" असं म्हणणारा माणूस, त्याला दुसरं नाव पडणारच नव्हतं.

तर त्या सकाळी टिकली जुन्या फॉर्मांच्या खोलीत गेली. दुपारी पन्नास नवीन पोरापोरींचं ट्रेनिंग होतं, त्यांना दाखवायला गेल्या वर्षीचे चार फॉर्म हवे होते. सर्व्हे तोच, लोकांना युद्ध हवंय की नको. तिने एक गठ्ठा सोडला आणि तिसराच फॉर्म हातात आला तो दादाचा.

हो, तिच्या सख्ख्या भावाचा! घरच्या माणसाचा फॉर्म भरायचा नाही असा कडक नियम होता. पण गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी तिला एक फॉर्म कमी पडत होता, पायाचे तुकडे पडले होते. दादा खिडक्यांना काचा बसवून नुकताच घरी आला होता. ती म्हणाली, "दादा, दोन मिनिटं बस, बारा विधानं आहेत." तो म्हणाला, "बसतो, पण चहा तू करायचास." असा भरला होता तो फॉर्म.

आता कोपऱ्यात लाल पेनाने बेरीज लिहिलेली होती. चव्वेचाळीस. आणि शेजारी शिक्का, युद्धाच्या बाजूने.

टिकली बघतच राहिली. दादा? घरात विंचू निघाला तरी कागदावर घेऊन बाहेर सोडून येणारा दादा युद्धाच्या बाजूने?

आता हे मोजतात कसं ते सांगते, सोपं आहे. एकेका विधानाला एक ते पाच. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटलं तर पाच. बेरीज छत्तीसच्या वर गेली की माणूस युद्धाच्या बाजूने, खाली आली की विरोधात. पण लोक कंटाळले की सगळ्यालाच हो हो म्हणत सुटतात, म्हणून मधेमधे उलटी विधानं घालतात. 'कुठलंही भांडण बोलून मिटवता येतं' असलं काहीतरी. तिथे पाच पडले तर मोजताना एक धरायचा, चार पडले तर दोन. बारात आठ विधानं अशी उलटी होती. ऑफिसात त्यांना 'उलट्या' म्हणायचे, आणि "काय, उलट्या झाल्या का?" हा जोक रोज व्हायचा, तरी रोज हसायचे.

टिकलीने तिथेच फरशीवर बसून दादाची बेरीज केली. सरळ चार विधानांना एक एक. उलट्या आठांना पाच पाच. ते पाच उलटवले तर एकूण बारा होतात. बारा! त्याहून कमी पडूच शकत नाहीत! आणि कुणीतरी न उलटवताच धडाधड बेरीज मारली होती. तिने दुसरा फॉर्म बघितला, दहावा बघितला, दुसरा गठ्ठा सोडला. एकाही फॉर्मवर उलटवलेलं नव्हतं.

म्हणजे ज्यांना युद्ध नको होतं, ते सगळे युद्धाच्या बाजूने मोजले गेले. मग पेपरात मोठ्या अक्षरात आलं, 'एक्क्याऐंशी टक्के लोकांना युद्ध हवं'. महिन्याभरात भरतीचा कायदा आला, लोकांनाच हवंय म्हणून. दादाला तिसऱ्या यादीत बोलावणं आलं, आणि पाचव्या महिन्यात तो गेल्याचं पत्र आलं. स्वतःला पाठवायच्या बाजूने त्याचंच मत मोजलं होतं, आणि टिक टिकलीने मारली होती.

ती रडली नाही. तिच्या डोक्यात जी तिडीक गेली ना, त्यात रडू कुठच्या कुठे गेलं. ती तडक बेरजांच्या टेबलावर गेली. तिथे मावशी बसायच्या, बावीस वर्षं फॉर्म मोजणाऱ्या.

"मावशी, गेल्या वर्षी उलट्या राहिल्या होत्या?"

मावशींनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग खालचा खण उघडून एक चिठ्ठी काढली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'साहेब, उलट्या राहिल्यात. सगळं परत मोजावं लागेल.' आणि खाली हिरव्या शाईत, 'राहू द्या. आकडा छान आलाय.' त्याखाली टक्केसाहेबांची सही.

"मी लिहून दिलं होतं गं," मावशी म्हणाल्या.

"लिहून दिलंत आणि पाच वाजता घरी गेलात."

मावशींची मान खाली गेली. "काय करू सांग."

"दुपारी फळ्यावर बेरीज करायची. गेल्या वर्षी केलीत तश्शीच. आणि ही चिठ्ठी माझ्याकडे द्या."

दुपारी हॉल गच्च भरला. पुढच्या रांगेत खात्याचा अधिकारी, मांडीवर बॅग घेऊन. त्याच्यासमोर साहेबाला चमकायचं होतं. दर ट्रेनिंगला तो स्वतःच उत्तरं द्यायला बसायचा आणि प्रश्न विचारायला चांगल्यातली पोरगी निवडायचा. "टिकली, ये! हिच्याकडून शिका रे. आणि समोरचा जे बोलेल ते शब्द न् शब्द खाली लिहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

पन्नास पेनं सरसावली.

टिकलीने वाचलं, "विधान एक. देशासाठी माणसं गेली तर घरच्यांनी वाईट वाटून घेऊ नये."

"पाच!" साहेब अधिकाऱ्याकडे बघून म्हणाला. "सहा असते तर सहा."

लोक हसले. टिकलीने पाचवर टिक मारली. इतकी दाबून मारली की खालच्या कागदावर उमटली.

"विधान दोन. कुठलंही भांडण बोलून मिटवता येतं."

"एक! छे छे."

बाराही विधानं झाली. सरळ चारांना पाच, उलट्या आठांना एक. साहेब खुर्चीत असा रेलून बसला होता, जणू आता कुणी हार घालायला येतंय. मावशींनी खडूने बेरीज मांडली. वीस आणि आठ, अठ्ठावीस.

टिकली म्हणाली, "फॉर्ममागच्या तक्त्यात बघून कोण सांगतं, साहेब कुठल्या बाजूचे?"

मागून एक पोरगी उत्साहाने ओरडली, "छत्तीसच्या खाली! साहेब युद्धाच्या विरोधात!"

अधिकाऱ्याने मान वळवून साहेबाकडे असं बघितलं, जसं काही भाजीत झुरळ निघालंय. साहेबाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अहो, नाही हो! चुकलंय काहीतरी. मावशी, हे काय? उलट्या कुठे उलटवल्यात?"

"उलटवायलाच हव्यात का साहेब?" टिकलीने विचारलं. आवाज असा गोड, की साखर लाजेल.

"हव्यातच! न उलटवता मोजलं तर सगळं उलटंच येणार! हो म्हणणारा नाही होतो, नाही म्हणणारा हो होतो. शेंबडं पोरही सांगेल!"

खाली पन्नास पेनं सुर्रकन चालली. शब्द न् शब्द.

"तुमचं उत्तर वाचून दाखवते," टिकली म्हणाली, आणि वाचलं, शेंबड्या पोरासकट. मग तिने चिठ्ठी काढली आणि तीही वाचली. मावशींची ओळ आणि खालची हिरवी ओळ. "गेल्या वर्षीचे सगळे फॉर्म असेच मोजलेत. आतल्या खोलीत आहेत, कुणीही जाऊन बघा. हा एक माझ्या भावाचा."

साहेब खुर्चीतून उठला, परत बसला, परत उठला. "फॉर्म गोळा करा! सगळ्यांचे फॉर्म इकडे द्या!" पण एकही पोरगं हललं नाही. मागची ती पोरगी म्हणाली, "माझे दोन भाऊ गेलेत साहेब," आणि आपला फॉर्म घडी करून पर्समध्ये टाकला. मग एकेक जण उठायला लागला. अधिकारी बॅग छातीशी धरून सगळ्यांच्या आधी दारात. "मला यातलं काही माहीत नव्हतं, लिहून घ्या," तो म्हणाला, आणि दोघातिघांनी खरंच लिहून घेतलं.

टिकली आणि मावशी चिठ्ठी घेऊन निघाल्या, पेपरच्या ऑफिसात जायला. जिन्यावर मागून धाडधाड पावलं आली. टक्केसाहेब. टाय एका बाजूला गेलेला, कपाळ घामाने थबथबलेलं.

"थांब गं! मलाही मुलगा आहे. वीस वर्षांचा."

"दादा तेवीसचा होता."

"मला कुठे माहीत होतं असं काही होईल? आकडा होता तो नुसता. तुझ्या भावाचं मला मनापासून वाईट वाटतं, खरंच."

टिकली दोन पायऱ्या वर आली. पॅड काढलं, पेन काढलं.

"एक ते पाचमध्ये सांगा."

"काय?"

"वाईट वाटतं म्हणालात ना. किती?"

साहेबाने मावशींकडे बघितलं. मावशी जिन्याच्या कठड्याकडे बघत होत्या.

"पाच," तो पुटपुटला. "पूर्ण पाच."

"सरळ धरू," टिकली म्हणाली, "की उलटवून?"

ती पेन टेकवून तिथेच उभी राहिली. तिला काही घाई नव्हती.