कप्तानाचा आवाज

रेडिओवरच्या त्या मालिकेत अवकाशयान तीनशे वर्षं पुढच्या काळात चाललं होतं, आणि यानातल्या संगणकाचा आवाज ती गेली कित्येक वर्षं देत होती. "जी, कप्तान. इंधन पुरेसं आहे, कप्तान." स्टुडिओत सगळे तिला यंत्रताईच म्हणत. कप्तानाचं काम करणारे काका नाटकाच्या लांबच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा तिने धीर करून ती भूमिका मागितली.

"माझी काही हरकत नाही हो," दिग्दर्शक म्हणाले. "पण श्रोत्यांचं काय?"

लेखकाची हरकत नव्हती. वरच्या साहेबांचीही नव्हती. हरकत कुणाचीच नव्हती, तरी ती होतीच, भिंतीत मुरलेल्या ओलीसारखी. शेवटी ठरलं, आजचा एक भाग तिच्या आवाजात करून बघू. नाही जमला तर उद्यापासून दिग्दर्शकांचे मेहुणे कप्तान.

समोरच्या माईकवर यानचालक झालेले भाऊ होते. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने हुकूम सोडला, "यान डावीकडे वळवा."

"आज्ञा, कप्..." म्हणता म्हणता भाऊ फिस्सकन हसले. "माफ करा हं, यंत्रताई. पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर काचेपलीकडचा ध्वनिमुद्रकही पोट धरून हसला.

"दोन सूर्य, हिरवी माणसं, सगळं गळी उतरतं तुमच्या," ती म्हणाली. "मीच तेवढी घशात अडकते?"

"तसं नाही हो," भाऊ डोळे पुसत म्हणाले. "मनात काही नाही माझ्या. जीभच वळत नाही."

दिग्दर्शकांनी घड्याळाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे मेहुणे आले. पण रागावणार कुणावर? भाऊंना खरंच येत नव्हतं. तिने खुर्ची जवळ ओढली.

"असं करा. श्वास ऐकू येऊ द्यायचा नाही. हसू आलं की आवंढ्याबरोबर गिळायचं. आपण खोलीत नाहीच, नुसतं सांगितलेलं काम आहे, असं समजायचं."

भाऊंनी करून पाहिलं. घामाघूम झाले. "अहो, हे जमायला किती वर्षं लागली तुम्हाला?"

"इथे, की घरी?"

भाऊ हसले नाहीत. लाल दिवा लागला.

"यान डावीकडे वळवा."

"आज्ञा, कप्तान."

भाग सरळ शेवटपर्यंत गेला.

"झकास!" दिग्दर्शक म्हणाले. "फक्त कप्तानाचा आवाज जरा गोड करा."

"काकांना सांगायचात असं?"

दिग्दर्शकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही," ते ओशाळून म्हणाले. "राहू द्या तसाच. मेहुण्याला मी सांगतो काहीतरी."