हरलेल्याचा चहा

नगरच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली वकीलसंघाची बैठक भरायची, तेव्हा वर्गणी नावाची भानगडच नव्हती. त्या दिवशी जो खटला हरला असेल, त्यानं सगळ्यांना बन्सीच्या टपरीवरचा चहा पाजायचा, एवढाच रिवाज. हरलेल्याची यथेच्छ थट्टा व्हायची, पण घरी जाताना गडी हसत जायचा.

त्र्याहत्तर साली तरुण वकिलांनी बाररूममध्ये ठराव आणला: बैठका यापुढे हॉटेलात, माणशी दहा रुपये.

"बैठक आहे की जेवणावळ?" म्हातारे आसाराम वकील कडाडले. विरोधात हात मात्र त्यांचा एकट्याचाच वर गेला. तणतणत ते चिंचेखाली आले.

"आज कोन हरलं, वकीलसायेब?" बन्सीनं आधण ठेवत विचारलं. "किती कप टाकू?"

"मीच हरलो रे," आसाराम म्हणाले. "एकच टाक."