काचेतला झोपणारा

“यावर तुमचा विश्वास बसणार नाही, जावईबापू. कोणाचाच बसत नाही. पण या शहरात सर्वांत जास्त गाद्या ज्या माणसाने विकल्या, त्याने गिऱ्हाइकाशी कधी चकार शब्द काढला नाही. तो नुसता झोपला.”

जावयाने लॅपटॉपमधून मान वर काढली. मला तेवढंच हवं होतं.

जावयाचं चष्म्याचं दुकान आहे. एकच, आणि तेही अशा आतल्या गल्लीत की ते सापडायलाच चष्मा लागतो. आता त्याला हमरस्त्यावर दुसरं काढायचं होतं. रविवारी दुपारी तो आमच्याकडे आला, चहा घेतला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, “धंदा वाढवायचा म्हणजे शेवटी काकांचा शब्द महत्त्वाचा.”

काका म्हणजे माझे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, गाद्यांच्या सात दुकानांचे मालक. उद्या हा लॅपटॉप बगलेत मारून त्यांच्याकडे जाणार हे उघडच होतं. सासरा समोर धडधाकट बसलेला असताना जावयाने अक्कल आणायला दोन बस बदलून साडूकडे जावं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“भाऊजींनाच विचारा हो,” बायको इस्त्री करता करता म्हणाली. “काय डोकं आहे त्यांचं! शून्यातून उभं केलं सगळं.”

लग्न झाल्यापासून मी हे डोकं ऐकतोय. साडूंनी छत्री घेतली तर हिला त्यात दूरदृष्टी दिसते. मी घेतली तर म्हणते, पाऊस थांबलाय.

म्हणून मी गादीची गोष्ट काढली.

“शून्यातून खरं,” मी म्हणालो, “पण एकट्याने नव्हे. पहिलं दुकान आमच्या दोघांच्या भागीदारीतलं.”

इस्त्री थांबली. मी तिकडे बघितलंच नाही.

“हे मला माहीत नव्हतं,” जावई म्हणाला.

“मिरवायचा स्वभाव नाही माझा. तर साडूंनी काय केलं, आतल्या भिंतीवर हा एवढा मोठा कागद चिकटवला. त्यावर गिऱ्हाइकांचे प्रकार. पाठदुखीवाले, नुकतं लग्न झालेले, घरी सारखे पाहुणे येणारे, आणि गादी दाबून ‘घरी विचारून सांगतो’ म्हणणारे. प्रत्येकाला वेगळी जाहिरात, वेगळी सवलत. बाजूला पाच वर्षांचं नियोजन. खाली चार चौकोन: आपली बलस्थानं, आपल्या उणिवा, संधी आणि धोके. धोक्यांच्या चौकोनात काय लिहिलं होतं माहितेय? ‘साडू’!”

“धोक्यांत नव्हतं,” बायको म्हणाली. “उणिवांत होतं.”

“बरं, उणिवांत. जळणारा माणूस कुठेही लिहितो.”

“पण बाबा, पद्धत बरोबरच आहे की ही. आपलं गिऱ्हाईक कोण ते आधी ठरवल्याशिवाय…”

“ठरवलं ना! फक्त गिऱ्हाइकांना ते कोणी कळवलं नाही. पत्रकं वाटली, ती लोकांनी बाकड्यावर अंथरली आणि वर बसले. दुकानात यायचे ते सगळे चौथ्या प्रकारातले. आले, दाबलं, गेले. एक गादी तर विकायच्या आधीच दाबून दाबून जुनी झाली. साडू रोज कागदावर नवा बाण काढायचे. शेवटी मी म्हणालो, साडू, गादी काय दाबायची वस्तू आहे? दर्शनी काचेत पलंग टाका आणि त्यावर माणूस झोपवा. माणूस मी आणतो.”

“आणलात?”

“हिरा आणला, हिरा! असा झोपणारा पुन्हा होणे नाही. घोरणं नाही, आ वासणं नाही, उशीवर लाळ नाही. एक हात गालाखाली आणि चेहरा असा, की जगातल्या सगळ्यांची कामं आटोपलीत. बघणाऱ्याला वाटायचं, आपण आजवर झोपलोच नाही, नुसते आडवे झालो. पहिल्याच दिवशी चौकातल्या पोलिसाने त्याला बघून जांभई दिली. जांभईसाठी हात वर केला, तो गाडीवाल्यांना वाटलं, थांबा म्हणतोय. सगळे थांबले, त्यांनी काचेत बघितलं आणि स्टिअरिंगवर डोकी टेकली. समोरच्या थांब्यावरचे लोक उभ्या उभ्या पेंगायचे, त्यांच्या बस निघून जायच्या. शेवटी थांबा हलवावा लागला. शेजारी घड्याळाचं दुकान होतं, तिथले गजर लाजून वाजेनासे झाले.”

“बाबा…”

“ऐका तर. एकदा चोर शिरला दुकानात. गल्ला उघडायच्या आधी म्हणाला, जरा टेकून बघू. सकाळी साडूंनी शटर वर केलं तेव्हा उठला, तोंड धुतलं आणि एक सिंगल गादी विकत घेऊन गेला. पावतीसुद्धा मागितली.”

“चोराने?”

“झोप पूर्ण झाली की माणूस सरळ वागतो.”

जावई हसला. पण लॅपटॉप उघडाच होता, आणि पडद्यावर साडूंच्या भिंतीवर होते तसलेच चौकोन दिसत होते. मी खुर्ची पुढे ओढली.

“मग साडूंना विस्ताराचे वेध लागले. दुसरी शाखा काढली. तिथे म्हणे वेगळा वर्ग, तर झोपणाराही वेगळा पाहिजे. जाहिरातीत काम करणारा देखणा तरुण आणला. लोक काचेपाशी थांबायचे आणि शर्ट कुठून घेतला म्हणून विचारायचे. पलीकडच्या कपडेवाल्याची भरभराट झाली. मग मुकाट्याने आमच्याच माणसाला पलंगासकट टेम्पोत घालून या दुकानातून त्या दुकानात न्यायला लागले. झोपमोड नको म्हणून टेम्पो इतका सावकाश चालवायचे की मागून लोक चालत यायचे, आणि दुकान येईपर्यंत कोणती गादी घ्यायची ते आपसात ठरवूनही टाकायचे. दोनाची चार झाली, चाराची सात झाली. आणि नाव कोणाचं झालं? त्या कागदाचं! बाणांचं!”

“अहो, हळू बोला,” बायको म्हणाली.

पण आता मला आवरेना. “व्यापारी संघाने सत्कार केला साडूंचा. स्टेजवर पलंग, पलंगावर तो माणूस आणि पुढे माइकसमोर नवा कोट घालून साडू. आभार मानायला लागले. बायकोचे मानले. बँकेचे मानले. कागद चिकटवायला ज्याने शिडी दिली त्याचे मानले. आणि तो बिचारा मागे पडलेला. डोळे घट्ट मिटलेले, उघडले तर सगळा खेळ खलास. पण कान टवकारलेले. आता आपलं नाव येईल, पुढच्या वाक्यात येईल. वरचा दिवा डाव्या कानावर तापतोय. नाकाचा शेंडा असा खाजतोय म्हणता, पण बोट हलवायची सोय नाही. आणि साडू म्हणतात, ‘या यशाचं श्रेय माझ्या नियोजनाला.’ टाळ्यांचा कडकडाट! पहिल्या रांगेत बायको, आणि सर्वांत जोरात टाळ्या कोणाच्या, तर हिच्या!”

“कोणाच्या बायकोच्या?” जावयाने विचारलं.

“कोणाच्या म्हणजे? त्या माणसाच्या.”

“डोळे मिटलेले असताना त्याला कसं कळलं?”

“टाळीवरून! हजार माणसांत ओळखेन मी ती टाळी. भाऊजींसाठी वेगळीच वाजते.”

इस्त्रीचा दिवा लागत होता, विझत होता. बायको शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही झोपला आहात असं वाटलं होतं मला.”

जावयाने लॅपटॉप मिटला.

“बाबा, थापा पुरे! कसली भागीदारी? काचेत झोपायचात ते तुम्हीच! काल काकांकडेच होतो मी. हा सगळा प्लॅन त्यांनी बघितला आणि म्हणाले, असले चौकोन मीही रंगवले होते, त्याने एक उशी खपली नाही, तू आपला सासऱ्याला गाठ. म्हणून आलो. नव्या दुकानाच्या काचेत चष्मा लावून पेपर वाचत बसायला मला माणूस हवाय. याल ना? फक्त तिथे झोपायचं नाही.”