पाठ नसलेला कोट

मित्रांनो, भीमाबाईच्या घरात दाराजवळच्या खिळ्याला जो जुना काळा कोट टांगलेला आहे, तो मी. माझी उमेदीची वर्षे मात्र सोलापूरच्या भवानी पेठेत, तिप्पण्णांच्या फोटो स्टुडिओत गेली.

समोरून मी साहेबाचा कोट दिसायचो. पाठ मात्र मधोमध उभी कापलेली होती. तिप्पण्णांनीच शिंप्याकडून ती तशी करून घेतली होती. जाड माणूस आला की मी पसरायचो, बारीक आला की मागून चिमटे लावून मला आवळत. नवरदेव, नोकरीचे उमेदवार, सगळे मला घालून ऐटीत बसत. फोटो पाहून लोक म्हणत, “काय कोट आहे!” मग मीही फुलून जायचो.

१९७४ साली धर्मपाल आला. वडील धोंडिराम गिरणीत कामाला, आई भीमाबाई घरी विड्या वळायची. मुलगा रसायनशास्त्रात हुशार. त्याला अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात शिकायचे होते. तिथे जगभरातून हजारो मुले अर्ज करीत आणि मूठभरच निवडली जात. निवड झाली तर सगळा खर्च विद्यापीठ करणार होते. नाहीतर जाणे शक्यच नव्हते. अर्जाला फोटो हवा होता.

मला चिमटे लावताना सोबत आलेल्या आईने पाहिले.

“अगं बया, ह्याला पाठच न्हाय की!”

“फोटोत पाठ कुटं दिसती, भीमाबाई?” तिप्पण्णा म्हणाले.

“आन् तितं बर्फ पडतंय म्हणं. पोरगं उघड्या पाठीनं हिंडंल व्हय?”

“आये, आधी मला घेऊ तर दे त्यांना!” धर्मपाल हसला. पण माझ्या खिशाखाली त्याची छाती धडधडत होती, ते मला कळत होते.

चाळीत पत्रे हरवत, म्हणून अर्जावर पत्ता स्टुडिओचा दिला.

पुढे मुंबईला मुलाखत झाली. परत आल्यावर धर्मपाल तिप्पण्णांना म्हणाला, “मामा, त्यांनी फोटो बघून विचारलं, हा कोट आज का नाही घातला?”

“शिवायला टाकलाय म्हणायचं की!”

“खरं ते सांगितलं. कोट स्टुडिओचा आहे, मागं चिमटे आहेत, आमची सगळी पेठ तोच घालते.”

“घात केलास की रे!” तिप्पण्णा मटकन बसले.

“ते हसले नाहीत, मामा. मग आईचं, गिरणीचं, सगळं विचारत बसले. पण घेणार का, ते बोलले नाहीत.”

त्यानंतर भीमाबाई कारखान्यात विड्या द्यायला जाताना रोज दारात थांबायची. “आलं का हो?” तिप्पण्णा मान हलवत. ती टोपली सावरून निघून जायची. तिची ती पाठमोरी आकृती मी अजून विसरलो नाही.

एके दुपारी जाड पाकीट आले. खुर्चीत एक नवरदेव मला घालून बसला होता. त्याला तसाच चिमट्यांसकट सोडून तिप्पण्णा चाळीकडे धावले. परतले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. “घेतलं पोराला,” एवढेच ते म्हणाले. नवरदेवाला काही कळले नाही.

धर्मपाल गेला. स्टुडिओत नवा निळा कोट आला आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. हिवाळ्यात त्याचा एक फोटो आला. सगळीकडे बर्फ, आणि जाड कोट घातलेला एक तरुण कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा.

“असला फोटो काढत्यात व्हय? तोंडच न्हाय की!” तिप्पण्णा वैतागले.

भीमाबाईने तंबाखूने पिवळी पडलेली बोटे फोटोवरून खांद्यापासून कमरेपर्यंत फिरवली.

“हाय,” ती हळूच म्हणाली. “पाठ हाय ह्याला.”

मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. “अण्णा, ह्यो पडूनच हाय न्हवं? द्या मला.”

विड्या बांधायच्या दोऱ्याने तिने माझी पाठ शिवली. टाके जाडेभरडे होते, पण घट्ट होते. त्या थंडीपासून धोंडिराम मला घालून पहाटेच्या पाळीला जाऊ लागले. आता माझा फोटो कोणी काढत नसे. पण पहिल्यांदाच मी कोणाला ऊब देत होतो.

मित्रांनो, जुना कपडा टाकण्याआधी एकदा उलटून पाहा. चार टाके घातले, तर तो कोणाची तरी पाठ झाकेल.