ओला लाल रंग

“वहिनी, बाबा रंगवायला बसले की खिडकी उघडी आहे ना, बघत जा,” नणंदेनं तिला बजावलं होतं. सासरे सुटे भाग जोडून हुबेहूब छोट्या मोटारी बनवत. “वीतभर गाडीला रंग तो किती लागणार!” म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं.

एका दुपारी ती बाळाला निजवत असताना पलीकडची स्प्रेची फसफस थांबली. हाकेला ओ येईना. तिनं दार ढकललं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली आणि वासानं गुंगून सासरे टेबलावर कलंडलेले. तिनं त्यांना खुर्चीसकट ओढत गॅलरीत नेलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, “सूनबाई, गाडीवर धूळ नाही ना बसली?”

तुमच्याकडे कुणी असं दार लावून रंगवत बसलं असेल, तर वाचणं राहू द्या, आधी डोकावून या.