काळी वायर

टेस्टरच्या मुठीतला मिरीच्या दाण्याएवढा दिवा लागला होता. मंद, आजारी नारिंगी, पण लागला होता. अक्षयानं हात मागे घेतला, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे पुन्हा पाहिलं – बंद – आणि स्टुलावर टाचा उंचावून टेस्टरचं टोक छतातल्या एसीच्या काळ्या वायरीला परत टेकवलं. लागला.

अनुपचा आवाज अजून कानातच होता. सकाळपासून एसी सुरूच होत नव्हता, दोन हजार सहाचा हा जुलै कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर नुसता ओतला जात होता, बर्थवर ईशिता घामानं भिजून झोपली होती, मानेच्या वळ्यांत घामोळं फुललेलं... आणि अनुप ऑफिसातून, मीटिंगला जाता जाता, हौसेनं सांगत होता, "काळी सैल झाली असणार. थर्मोस्टॅट बंद कर आणि बोटानं दाबून बघ. काळी न्यूट्रल असते, अगं, काही होत नाही."

बोटानं.

आणि बोट वर गेलंही होतं. पुण्यात चार वर्षं इलेक्ट्रिकल शिकलेल्या बाईचं बोट, नवऱ्यानं सांगितलं म्हणून सरळ वर गेलं, कारण इकडे आल्यापासून 'तू बाळाकडे बघ, हे मी बघतो' हे वाक्य तो इतक्या मायेनं म्हणायचा की त्यात काही नाकारलं जातंय असं कधी वाटलंच नाही – उशी द्यावी तसं द्यायचा तो ते वाक्य, आणि ती डोकं टेकायची. दुसऱ्या हातानं मात्र शिवणाच्या डब्यातून, बटणं आणि रिळांच्या खालून, कॉलेजातला टेस्टर आधीच काढलेला होता. कधी काढला ते तिला आठवेना. वायरीला हात लावण्याआधी टेस्टर... प्रॅक्टिकलच्या तासांनी अंगात मुरवलेली सवय, तिला न विचारता उठून आलेली.

मेडनहेडचा फ्लॅट सुटला तेव्हा, नवा मिळेपर्यंत राहा म्हणून, ओळखीतल्या शशीकाकांनी वॉटफर्डच्या घरामागची ही जुनी कॅरॅव्हॅन दिली होती. कुणी अमेरिकन मायदेशी परतताना विकून गेलेली, सगळी अ‍ॅल्युमिनियमची, विजेसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणारी. थर्मोस्टॅट मोडका होता, तो अनुपनं रविवारी बदलला. शशीकाका खाली स्टूल धरून उभे. ती बाळाला थोपटत दारातून हळूच म्हणाली होती, अमेरिकेत रंग वेगळे असतात बहुतेक, बघून घेऊ या का. "वायरीला काय पासपोर्ट असतो का गं?" अनुप वरूनच म्हणाला, आणि शशीकाका एवढे हसले की स्टूल हललं. तीही हसली. चांगला होता की विनोद.

अमेरिकेत काळीतूनच वीज येते. पांढरी न्यूट्रल. म्हणजे त्यानं थर्मोस्टॅट पांढरीवर घातला, आणि बटण बंद केलं तरी रविवारपासून वीज इथे, बाळाच्या डोक्यावर, दबा धरून बसलेली... तिची नजर कोपऱ्यातल्या चिकटपट्टीच्या गोळ्यावर गेली. "एक सोललेली वायर लोंबत होती, गुंडाळून टाकली," असं त्यानं रात्री जेवताना कौतुकानं सांगितलं होतं. सोललेली नव्हती ती. तिकडे अर्थिंगची तार उघडीच असते; आपल्याकडे हिरव्या वेष्टनात वाढलेल्या माणसाला ती खराब झालेलीच वाटणार. त्यानं काळजीनं, अगदी घट्ट गुंडाळून, सगळ्या पत्र्याचं अर्थिंग तोडून टाकलं होतं; आता कुठून झिरपलेली वीज पत्र्यातच राहणार.

सगळ्या पत्र्याचं. खिडकीच्या चौकटीचंही.

तिनं उतरून बाहेरचा प्लग ओढला. फ्रिजची घरघर थांबली. रविवारपासून ईशिता तोंडातला ओला हात चौकटीवर ठेवायची आणि किंचाळायची. दात येताहेत, अनुप म्हणाला. घामोळं चावत असेल, शशीकाकांकडच्या काकू म्हणाल्या. आणि मी? मी तिची मूठ उघडून पापा घेतला होता... नाटकी गं माझी बाई, म्हणाले होते. तिला तिथेच, त्याच बाजूला, परत निजवलं होतं.

तिनं ईशिताला उचलून सावलीत आणलं आणि तिचा तळहात उलगडला. त्यावर काहीच नव्हतं. नेहमीच्या रेषा, त्यांत अडकलेला गोधडीचा धागा.

काम तसं थोडंसंच. दोन वायरींची अदलाबदल, सैल जोड आवळणं, पट्टी सोडून तार जागेवर. संध्याकाळी तो येईल, गार झुळकेत शर्टाची बटणं काढत म्हणेल, बघ, म्हटलं होतं ना – आणि ती हो म्हणेल. इस्त्रीचा प्लग, बॉयलरचा टायमर, सगळं असंच झालेलं. तो नसताना दुरुस्त करून, वर झाकण लावून ठेवलेलं. त्याच्या मनाला लागू नये म्हणून... की हीही उशीच होती, तिनं त्याला दिलेली?

फोन वाजला.

"दाबलीस का?"

"नाही."

"घाबरट," तो हसला, लाडानं. "न्यूट्रलला कोण घाबरतं?"

इथे तिनं हसायचं असतं. तिनं वाट पाहिली; हसू आलं नाही. ईशितानं झोपेतच तिचं बोट मुठीत धरलं होतं – तेच, मघाचं.

"लवकर ये," ती म्हणाली. "झाकण उघडं ठेवलंय. लावणार नाहीये मी."

आत स्टुलावर दोन स्क्रू पडले होते, ते दारातून चमकताना दिसत होते. आपला आवाज कापला नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं, आणि मग मात्र तिला भीती वाटू लागली, कधी वाटली नव्हती तशी... वायरीची नव्हे.