जुनी देऊन नवी

बोंडअळीच्या त्या वर्षी फुलसावंगीच्या गाडीवाल्यांना कापसाचं भाडं असं लागलंच नाही. पहिल्या वेच्यानंतर बोंडं किडकी निघाली, कितीकांनी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली, आणि ऐन हंगामात जिनिंगकडे धावणाऱ्या पिकअप बाभळीच्या सावलीला उभ्या राहिल्या. अशा साली नवी गाडी घ्यायला निघालेल्यांना गावाने वेड्यात काढलं असतं तरी नवल नव्हतं. पण उकंडा मनवर आणि धरमसिंग आडे यांच्यापुढे इलाज नव्हता. त्यांच्या जुन्या पिकअपचं इंजिन दोनदा खोललेलं, चेसीला वेल्डिंगचे जोड, हौद्याचा पत्रा खालून खाल्लेला. यंदा तिचं पासिंग होणार नाही, हे आरटीओत स्पष्ट सांगून झालं होतं.

गाडी दोघांची होती. उकंडा विहाराच्या मागच्या आळीत राहायचा, धरमसिंग गावाबाहेरच्या तांड्यावर. तरुणपणी दोघं एकाच मालकाच्या ट्रकवर होते, उकंडा ड्रायव्हर आणि धरमसिंग क्लीनर. मालकाने ट्रक विकला तेव्हा दोघांनी निम्मे निम्मे घालून ही पिकअप घेतली. लायसन उकंडाकडे होतं म्हणून गाडी त्याच्या नावावर झाली. पुढे धरमसिंगनेही लायसन काढलं. मग कापूस, सोयाबीन, खताची पोती उकंडाने न्यायची. आठवडी बाजार, लग्नाची वऱ्हाडं आणि तांड्यावरून ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं धरमसिंगने. हिशोब तोंडी व्हायचा. त्यावरून दोघांत कधी वाकडं आलं नाही.

त्या पावसाळ्यात मात्र उकंडाच्या वाट्याला वेगळीच भाडी आली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारणाऱ्या मजुरांच्या नाकातोंडात औषध जात होतं. कोणाला उलट्या, कोणाला दिसेनासं झालेलं. ॲम्ब्युलन्सची वाट पाहून थकलं की लोक उकंडाकडे यायचे आणि तो त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात पोचवायचा. त्याचे पैसे त्याने कोणाकडून घेतले नाहीत. बरेच जण बरे होऊन परत आले. तांड्यावरचा पूनमसिंग आला नाही. लग्नाला वर्षही न झालेला पोरगा. त्याला शेजारच्या सीटवर बसवलं होतं, त्याचा बाप मागे हौद्यात होता. डोळे उघडे असून त्याला काही दिसत नव्हतं. दर थोड्या वेळाने तो विचारायचा, "काका, यवतमाळ आलं का?" आर्णीच्या पुढे त्याने विचारणं थांबवलं.

तेव्हापासून उकंडा थकला होता. झोप झाली, जेवण झालं, तरी जायचा नाही असला तो थकवा होता. गाडी सोडायची, हे त्याने मनात ठरवलं होतं. फक्त धरमसिंगला सांगायचं राहिलं होतं.

आणि धरमसिंग तर भाव पाडायला निघाला होता. पुसदला एका शोरूममध्ये अर्धा दिवस बसून त्याने सेल्समनकडून जेवढं सुटेल तेवढं सोडवून घेतलं, तोच भाव घेऊन उमरखेडला गेला आणि तिथे अजून खाली आणला. उकंडा प्रत्येक ठिकाणी खुर्चीवर बसून पंख्याकडे पाहत राहायचा. परत येताना धरमसिंग म्हणायचा, "अजून उतरते, भाऊ. साल संपाले आलं. शोरूमवाल्यायले गाड्या खपवाच्या हायेत, आपल्याले घाई नाही." आज सांगू, उद्या सांगू करत उकंडा मान हलवायचा.

शेवटी वर्षअखेरच्या ऑफरसाठी दोघं यवतमाळला निघाले. एक्स्चेंजला जुनी गाडी दाखवावी लागते म्हणून तीच घेऊन निघाले. महागाव सोडल्यावर तिने पाणी मागितलं. चढावर पुन्हा. शोरूमच्या दारात पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते.

पियूष नावाचा सेल्समन पुढे आला. "बसा ना काका. चहा घेणार की थंड?"

"चहापाणी मंग पाहू," धरमसिंग म्हणाला. "आधी भाव सांग. बोर्डावरचा नको सांगू, मनातला सांग."

पियूष हसला. हसण्यावर जाण्यासारखा माणूस धरमसिंग नव्हता. पुसदवाले कॅनव्हासची ताडपत्री फुकट देतात, असं त्याने ठोकून दिलं. खरं तर पुसदवाल्यांनी चावीला लावायची साखळी आणि पेढ्यांचा डबा कबूल केला होता. मग हौद्याची लांबी, मागच्या स्प्रिंगचे पाटे, पहिल्या वर्षाचा विमा, सगळं एकेक करून निघालं. दरम्यान एका मेकॅनिकने बाहेर जाऊन जुनी गाडी ठोकून पाहिली.

"किती चालली?" त्याने येऊन विचारलं.

"मीटर बंद हाय."

"कधीपासून?"

"याच्या पोरीच्या लग्नापासून," धरमसिंग म्हणाला. "पण इंजिन असं हाय का तू बी तिच्यात बसून नागपूर गाठशीन."

दुपार कलली तेव्हा पियूषने कॅल्क्युलेटर धरमसिंगपुढे फिरवला. जुन्या गाडीची किंमत, तिच्यावर एक्स्चेंज बोनस, वर्षअखेरची सूट, शिवाय विमा शोरूमकडून. "काका, याच्या खाली गेलो तर मला घरी बसवतील."

धरमसिंगने आकडा पाहिला. "मडगार्डचे रबर?"

"देतो."

"मागं एकेक पाटा जास्तीचा?"

"लावून देतो."

धरमसिंग खुर्चीत मागे टेकला. एवढा खुललेला चेहरा उकंडाने त्या सबंध वर्षात पाहिला नव्हता.

"नाव कोणाचं टाकू?" पियूषने विचारलं. "जुनी कोणाच्या नावावर आहे?"

"याच्या."

"मग नवीही त्यांच्याच नावावर घ्यावी लागेल. बोनसचा नियम आहे. त्यांचं नाही तर त्यांच्या घरातल्या कोणाचं."

"टाक मंग. उकंडा मनवर," धरमसिंग पटकन म्हणाला आणि टेबलावरचे हात त्याने मांडीवर घेतले.

"माह्यं नको टाकू," उकंडा म्हणाला.

"काहून?"

"मले चालवाची नाही आता."

पियूष एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिला. धरमसिंग उठून बाहेर गेला. उकंडा त्याच्यामागे गेला. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. उकंडाने दोन चहा सांगितले.

"पुसद झालं, उमरखेड झालं," धरमसिंग म्हणाला. "गळा सुकेपर्यंत बोललो मी. अन् तू आत्ता सांगतं? कोणासाठी भाव करून राह्यलो मी?"

"सांगाचंच होतं. तुले भाव करताना पाह्यलं अन् जीभ उचलली नाही."

"डोळ्याले दिसत नाही का?"

"दिसते. आर्णीचा नाका आला का हात जड होते स्टेरिंगवर. पूनमसिंग बाजूले बसला हाय असं वाटते. बोलत नाही काही, बसला असते फक्त." उकंडाने चहाचा घोट घेतला. "त्याच्या मायनं मले कधी इचारलं नाही, वाटेत काय म्हणे म्हणून. इचारलं असतं तं बरं झालं असतं."

धरमसिंगचा राग उतरला. पूनमसिंगला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. एक ट्रक धूळ उडवत गेला. धूळ बसल्यावर तो म्हणाला, "असं कर, नाव तुह्यंच राहू दे. बोनस भेटते. चालवतो मी. तू घरी बस, अर्धं तुले पोचवत जाईन."

उकंडा हो म्हणणारच होता. पण धरमसिंग हे चहाच्या ग्लासात पाहून बोलला होता.

"तुले चालते?"

"न चालाले काय झालं? इतकी वर्सं चाललंच ना."

"काय चाललं?"

धरमसिंगने ग्लास खाली ठेवला. "कुठंबी गाडी अडवली का पयले इचारते, गाडी कोणाची? मी सांगतो, मनवरची. मंग तू कोण? मी सांगतो, ड्रायवर. एकदा माहूरच्या रस्त्याले आमची भुरी सोबत होती, लहानी पोरगी कडेवर. तिच्यासमोर बी तेच सांगतलं. ती घर येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर म्हणे, आपले पैसे कुठं गेले मंग?"

उकंडाला हे पहिल्यांदाच कळत होतं. इतक्या वर्षांत तो शेकडो वेळा अडवला गेला होता. गाडी कोणाची, असं विचारलं की 'माही' असं त्याच्या तोंडून आपोआप निघायचं. त्या एका शब्दात धरमसिंग कुठे राहिला, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय करतं तू? बेइमानी तं तुह्या मनात कधीच नव्हती. मंग कायचं सांगू?"

उकंडाने चहाचे पैसे दिले आणि तो सरळ शोरूममध्ये शिरला. "धरमसिंग देवसिंग आडे," तो पियूषला म्हणाला. "हे लिहा."

"काका, मग बोनस जातो. जुनी गाडीपण आम्हाला घेता येणार नाही. आधी ती त्यांच्या नावावर करून घ्या..."

"किती दिस लागते?"

"महिना तरी. ऑफर या आठवड्यात संपतेय."

मागून आलेल्या धरमसिंगने उकंडाचं कोपर धरलं. "भाऊ, येवढा भाव पाडला मी. पाण्यात घालून राह्यला तू."

"असू दे."

"लोक हसतीन आपल्याले."

"हसू दे. लिहा तुम्ही."

धरमसिंगने कोपर सोडलं नाही. त्याच्या भाषेत तो हलकेच 'भिया' म्हणाला, भावाला म्हणतात तसं. क्लीनर असताना म्हणायचा. पुढे गाडीचे मालक झाल्यावर कधी सुटलं, दोघांनाही आठवलं नसतं.

पियूष उठून आतल्या साहेबांकडे गेला, बराच वेळ तिथे उभा राहून बोलला आणि परत आला. बोनसचं काही होत नव्हतं. विमा आणि पाटे राहतील, म्हणाला. धरमसिंगने आता रबरांचं नावही काढलं नाही. सह्या झाल्या. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून उकंडाने सही केली. अगदी उठताना धरमसिंग बसक्या आवाजात म्हणाला, "ताडपत्री तरी दे बाप्पा." पियूषने ती दिली. कॅनव्हासची नव्हती.

घरी कौसल्याने नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं. "सोडलं थे बरं केलं," ती म्हणाली. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "पण आता काय कराचं?" उकंडाला ते माहीत नव्हतं. तसं त्याने सांगितलं. जुनी पिकअप पुसदकडच्या एका वीटभट्टीवाल्याने नेली, शोरूमवाले देत होते त्याच्याहून कमीत.

नवी गाडी आणायला धरमसिंग, त्याची बायको भुरीबाई आणि उकंडा एसटीने गेले. भुरीबाईने चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला, बोनेटवर हळदीकुंकू लावलं. उकंडा सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे वळला आणि मध्येच थांबला. धरमसिंगने पाहिलं, पण दाखवलं नाही.

गाडी चांगली होती. गिअर लोण्यासारखा पडत होता. भुरीबाई मधोमध बसून काचेतून पुढे बघत होती. आर्णी जवळ आली तशी धरमसिंगने गाडी हळू केली.

"कुठं?" त्याने विचारलं.

उकंडाला कळलं. थोडं पुढे त्याने बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेला पळसाची दोन झाडं होती आणि त्यांच्यामागे उपटून टाकलेल्या पऱ्हाटीचा ढीग. धरमसिंगने गाडी बाजूला घेतली. तिघं उतरले. भुरीबाईने पदर डोक्यावर घेतला आणि पूनमसिंगचं नाव घेऊन आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली. धरमसिंग हात बांधून उभा राहिला.

"काय म्हणे थो, शेवटी?" त्याने विचारलं.

"यवतमाळ आलं का म्हणे."

"अन् तू काय सांगतलं?"

"आलंच म्हटलं. थोडंसंच राह्यलं."

धरमसिंगने मान हलवली. "त्याच्या मायले मी सांगू का?"

"नको. मीच सांगतो," उकंडा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चालत तांड्यावर गेला. जमनी, पूनमसिंगची आई, अंगणात तुरी झोडपत होती. तिने त्याच्यासाठी बाज टाकली, पाणी आणलं आणि समोर बसली. उकंडाने वाटेतलं सगळं सांगितलं, पोरगा किती वेळा काय म्हणाला, कुठे गप्प झाला, बाप मागे कसा उभ्याने आला. ती रडली नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "अकेलो तं नव्हता ना?"

"नाही," उकंडा म्हणाला.

मग ती उठली आणि पुन्हा तुरी झोडपायला लागली. थोडा वेळ बसून उकंडाने दुसरी काठी घेतली. ऊन उतरेपर्यंत दोघं झोडपत राहिले.